चुकलेला एक्का-राजा: फ्लॉपनंतर बेट, चेक की फोल्ड?

किलवर_दुर्री (धागाकर्ता)

टेक्सस होल्डेममध्ये, म्हणजे हातातले दोन आणि टेबलावरचे सामाईक पाच पत्ते मिळून खेळायच्या पोकरमध्ये, एक्का-राजा हातात आल्याचा आनंद बहुतेक वेळा टेबलावर पहिले तीन पत्ते (फ्लॉप) उघडेपर्यंतच टिकतो, आणि त्यात दुर्दैवाचा काही भाग नाही. हातातले दोन पत्ते वेगवेगळ्या क्रमांकांचे असतील, तर फ्लॉपवर त्यांपैकी एकाची तरी जोड लागण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के असते. हातात एक्का-राजा असो वा नव्वी-तिर्री, ही टक्केवारी तीच राहते. म्हणजे तीनपैकी जवळजवळ दोन वेळा रेझ (लावलेली रक्कम वाढवणे) आपण केलेली असते, पॉट (मधला गल्ला) आपणच वाढवलेला असतो, आणि उघडलेल्या पत्त्यांशी आपल्या हाताचा काहीही संबंध नसतो.

अशा वेळी काय करावे याची दोन ठरीव उत्तरे ऑनलाइन टेबलांवर सर्रास दिसतात. एक म्हणजे ‘रेझ मी केली होती, तेव्हा बेटही मीच लावणार’, आणि दुसरे म्हणजे ‘लागले नाही, तेव्हा चेक करून (पैसे न लावता) सोडून देणार’. दोन्ही उत्तरे देणारा खेळाडू फक्त स्वतःच्या हातातल्या दोन पत्त्यांकडे पाहत असतो. माझे म्हणणे असे आहे की चुकलेल्या मोठ्या हाताचा निर्णय करताना ‘मला लागले का’ हा प्रश्न जवळजवळ निरुपयोगी आहे. उघडलेले तीन पत्ते आपल्या संपूर्ण रेंजला (असू शकणाऱ्या सर्व हातांना) जास्त मानवतात की समोरच्याच्या, हे आधी पाहावे आणि मगच स्वतःच्या हाताकडे वळावे.

चर्चा हवेत राहू नये म्हणून एक ठरावीक प्रसंग घेतो. सहा जणांचे टेबल आहे, दोघांकडेही १०० बिग ब्लाइंड (पत्ते पाहण्याआधी सक्तीने भरायची मोठी रक्कम, इथे मोजमापाचे एकक) आहेत, कट-ऑफवरून (वाटणाऱ्याच्या आधीच्या जागेवरून) आपण २.५ची रेझ केली, बाकीचे गळाले आणि ती रक्कम भरणाऱ्याने, म्हणजे बिग ब्लाइंडने, कॉल केला (तेवढेच पैसे घातले). स्मॉल ब्लाइंडचे ०.५ धरून पॉट ५.५चा झाला. आपल्या हातात बदाम एक्का आणि किलवर राजा आहे.

पहिला फ्लॉप: इस्पिक राणी, चौकट सत्ती, बदाम दुर्री. दुसरा फ्लॉप: इस्पिक अठ्ठी, इस्पिक सत्ती, चौकट छक्की.

दोन्ही ठिकाणी आपल्याला काहीच लागलेले नाही, आणि दोन्ही ठिकाणी कागदावर सहाच आउट्स (हात सुधारणारे पत्ते: उरलेले तीन एक्के आणि तीन राजे) आहेत. तरीही पहिल्या फ्लॉपवर मी बहुतेक वेळा पॉटच्या एक तृतीयांश बेट लावीन आणि दुसऱ्यावर बहुतेक वेळा चेक करीन. राणी-सत्ती-दुर्रीवर सगळ्यात जड हात आपल्याकडे आहेत. एक्क्यांची, राजांची आणि राण्यांची जोड बिग ब्लाइंडकडे असती, तर त्याने फ्लॉपआधी बहुधा थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) केली असती. अठ्ठी-सत्ती-छक्कीवर मोठ्या जोड्या आपल्याकडे असल्या, तरी दश्शी-नव्वी, पंजी-चौकी, अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की असे हात बिग ब्लाइंड स्वस्तात कॉल करून फ्लॉपपर्यंत आणतो. शिवाय तिथले सहा आउट्स खरे सहा नाहीत. इस्पिकचा एक्का किंवा इस्पिकचा राजा आला, तर आपल्याला जोड लागते आणि त्याच क्षणी टेबलावर तीन इस्पिक होऊन समोरच्याचा फ्लश (एकाच रंगाचे पाच पत्ते) जमू शकतो, म्हणजे निर्धास्त म्हणावेत असे चारच उरतात.

जाणकारांची मते वाचायला आवडतील. टर्नबद्दल (टेबलावरच्या चौथ्या पत्त्याबद्दल) मी पुढच्या प्रतिसादात लिहीन, कारण पैसे खरे तिथे जातात.

सातवा_मजला

विवेचन आवडले, परंतु ते ज्या टेबलांना लागू होते त्या टेबलांवर आपल्यापैकी किती जण बसतात याची शंका वाटते. छोट्या रकमांच्या खेळात बिग ब्लाइंड सत्तीची जोड सोडत नाही, दुर्रीची सोडत नाही, आणि गुलाम-दश्शीसुद्धा ‘एक पत्ता बघू’ म्हणून कॉल करतो. अशा माणसाला आपली रेंज जड आहे हे सांगून काय उपयोग? तो रेंज पाहतच नाही. माझा अनुभव असा आहे की चुकलेल्या एक्का-राजाने चेक करावे, टर्न फुकटात पाहावा, आणि लागले तर मग सढळ हाताने बेट लावावी. कारण जो फोल्ड करत नाही (हात टाकत नाही), तो आपल्याला लागल्यावरही फोल्ड करत नाही.

ओंटारिओकर

सातवा_मजला यांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्यांनी जितके ताणले आहे तितके नाही. ५.५च्या पॉटमध्ये १.८ची बेट लावली, तर ती निव्वळ ब्लफ म्हणून तोट्यात जाऊ नये यासाठी समोरच्याने चारपैकी एकदाच फोल्ड करणे पुरेसे असते. अर्ध्या पॉटला तीनपैकी एकदा, दोन तृतीयांशला ४० टक्के, आणि पूर्ण पॉटला दोनपैकी एकदा. राणी-सत्ती-दुर्रीवर चारपैकी एकदाही फोल्ड न करणारा माणूस विरळा. अगदी चिकट खेळाडूसुद्धा नव्वी-अठ्ठी किंवा पंजी-चौकी तिथे टाकून देतो. मोठी बेट लावून ‘हा फोल्ड का करत नाही’ असे म्हणणाऱ्यांची तक्रार पुष्कळदा बेटच्या आकाराची असते.

दुसरी गोष्ट, जिच्याकडे फारसे लक्ष दिले जात नाही. समजा त्याने गुलाम-दश्शी टाकली. त्या क्षणी आपला एक्का-राजा त्याच्या पुढेच होता, म्हणून अनेकांना वाटते की या फोल्डमधून आपण काही मिळवले नाही. पण गुलाम आणि दश्शी मिळून त्याचेही सहा आउट्स होते आणि पॉटचा जवळजवळ पाव हिस्सा त्याच्या हक्काचा होता. तो हिस्सा त्याने १.८च्या बेटसमोर सोडून दिला. चुकलेला एक्का-राजा हा शुद्ध ब्लफही नव्हे आणि शुद्ध व्हॅल्यूही (पुढे असलेल्या हाताने पैसे मिळवण्यासाठीची बेटही) नव्हे. छोट्या बेटने मागचे हात बाहेर काढणे हा त्याचा मोठा लाभ आहे, आणि चेक केल्यास नेमका तोच हातून जातो.

तिसरे, पत्त्यांची मोजणी. बावन्न पत्त्यांत एक्का-राजाच्या १६ जोडण्या होतात, त्यांपैकी सूटेड (एकाच रंगाच्या) ४ आणि ऑफसूट (दोन रंगांच्या) १२. आपल्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्यामुळे समोरच्याकडे एक्क्यांची जोड असण्याच्या जोडण्या सहावरून तीनवर येतात, राजांच्याही तशाच. टेबलावर राणी असताना एक्का-राणीच्या १२ ऐवजी ९ जोडण्या उरतात आणि राजा-राणीच्याही ९. ज्या हातांनी तो आपल्याला चिकटून राहिला असता, ते हात आपणच थोडे कमी केलेले असतात.

इथे ओंटारिओत एप्रिल २०२२पासून परवानाधारक साइटांची स्वतंत्र बाजारपेठ आहे आणि बाहेरच्या प्रांतांतले खेळाडू आमच्या टेबलांवर येत नाहीत. त्यामुळे तेच तेच चेहरे, म्हणजे तीच तीच नावे, पुन्हा पुन्हा भेटतात, आणि ‘हा प्रत्येक फ्लॉपवर बेट लावतो’ ही ख्याती लवकर पसरते. एरवी मी राणी-सत्ती-दुर्रीवर जवळजवळ संपूर्ण रेंजने बेट लावली असती. ओळखीच्या माणसासमोर थोडे चेक मिसळतो.

व्यवस्थापन

धाग्याला हरकत नाही. कृपया कोणत्याही साइटचे दुवे, सवलतींचे संकेतांक किंवा आमंत्रणे देऊ नयेत. भारतात ऑगस्ट २०२५मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन खेळांच्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्या बंदीपुरता गैरलागू ठरवला आहे. भारतातल्या सदस्यांनी चर्चा अभ्यासापुरती ठेवावी.

मांडवीकाठ

व्यवस्थापनाची सूचना योग्यच आहे. माझ्यासारख्यांचे ऑनलाइन टेबल त्या ऑगस्टमध्ये बंद झाले. आता सॉल्व्हरवर (सर्वोत्तम चाल काढून देणाऱ्या प्रोग्रामवर) अभ्यास आणि अधूनमधून पणजीला मांडवीवरच्या कॅसिनोत प्रत्यक्ष टेबलावर खेळणे, एवढेच उरले आहे. तिथला अनुभव या चर्चेला जोडून सांगावासा वाटतो, कारण धागाकर्त्यांनी घेतलेला ‘एकास एक’ प्रसंग प्रत्यक्ष टेबलावर दुर्मीळ आहे. रेझ चौपट करा, पाचपट करा, तीन जण तरी फ्लॉप पाहायला येतातच.

आणि मग ओंटारिओकर यांनी दिलेला ‘चारपैकी एकदा’ हा हिशेब कोसळतो. दोन प्रतिस्पर्धी असतील, तर दोघांनी मिळून चारपैकी एकदा फोल्ड करण्यासाठी प्रत्येकाने दोनपैकी एकदा फोल्ड करावे लागते. तिघे असतील, तर प्रत्येकाने सुमारे ६३ टक्के वेळा. तेही फक्त एक तृतीयांश बेटसाठी. तीन माणसांपैकी एकाकडेही राणी, सत्ती किंवा मधली एखादी जोड नसेल असे गृहीत धरून बेट लावणे मला पटत नाही. अनेक जण पॉटमध्ये असताना चुकलेल्या एक्का-राजाने चेक करावे, आणि बेट आली तर बहुतेक वेळा खळखळ न करता सोडावे.

आपण लहानपणापासून मेंढीकोट खेळत आलो, तिथे एक्का म्हणजे हात जिंकणाराच पत्ता. ते वळण पोकरच्या टेबलावर बसल्यावरही मोडत नाही, असे मला शेजारच्या खुर्च्यांकडे पाहून नेहमी वाटते.

रात्रपाळी

+१. अनेक जण असताना चेक, याला पूर्ण अनुमोदन.

किलवर_दुर्री

मांडवीकाठ यांचा मुद्दा मान्य आहे. मूळ लेखातले विधान दोघांच्या पॉटपुरतेच समजावे. आता टर्नविषयी.

राणी-सत्ती-दुर्रीवर आपण १.८ची बेट लावली आणि बिग ब्लाइंडने कॉल केला. पॉट ९.१चा झाला. या क्षणी त्याच्या रेंजमधून हवेतले हात गळालेले आहेत. उरलेत ते राणीचे हात, सत्तीचे हात, मधल्या जोड्या, आणि एक्का-दश्शीसारखे काही हट्टी हात. आता दोन तृतीयांश, म्हणजे ६ची दुसरी बेट लावायची, तर सुमारे ४० टक्के फोल्ड हवेत, आणि ते अशा रेंजकडून हवेत जिने एकदा आधीच ‘नाही’ म्हटले आहे. पहिली बेट स्वस्त होती म्हणून ती सरसकट लावता येते. दुसरी महाग आहे म्हणून तिला कारण लागते.

ते कारण बहुतांशी टर्नचा पत्ता पुरवतो. एक्का किंवा राजा आला, तर प्रश्नच मिटला; तो हात चुकलेला राहिलाच नाही. गुलाम किंवा दश्शी आली, तर जोड लागत नाही, पण स्ट्रेटसाठी (सलग पाच पत्त्यांसाठी) एकाच क्रमांकाचा पत्ता कमी पडतो आणि चार नवे आउट्स मिळतात. सहाचे दहा होतात, आणि रिव्हरवर (शेवटच्या, पाचव्या पत्त्यावर) त्यांपैकी एक येण्याची शक्यता ४६ पत्त्यांत १०, म्हणजे २२ टक्क्यांच्या आत-बाहेर. अशा पत्त्यावर दुसरी बेट लावण्यास माझी हरकत नसते. समोरचा सत्तीची जोड धरून बसला असेल, तर त्याला आता आणखी एक मोठा पत्ता टेबलावर दिसतो, आणि कॉल झालाच तरी आपण अगदी रिकाम्या हाताने रिव्हर पाहत नाही.

याउलट टर्नवर दुसरी सत्ती आली, तर मी थांबतो. एक जोड असलेल्या ज्या हातांना दुसऱ्या बेटने घाबरवायचे होते, त्यांच्यातल्याच काहींच्या आता तीन सत्त्या झाल्या. तिर्री, चौकी अशा निर्जीव पत्त्यावरही बहुतेक एक्का-राजांनी थांबावे असे मला वाटते, कारण चित्र काहीच बदललेले नसते आणि किंमत मात्र तिपटीहून अधिक झालेली असते.

सातवा_मजला

टर्नबद्दलचे विवेचन मला पहिल्या लेखापेक्षा अधिक पटले. तरीही एक विचारतो. फ्लॉपवर चेक करून टर्नवर पहिली बेट लावण्याचा मार्ग आपण कुणीच का चर्चेला घेत नाही? बिग ब्लाइंडने फ्लॉपवर चेक केला, आपण चेक केला, आणि टर्नवर त्याने पुन्हा चेक केला, तर त्याच्याकडे राणी असण्याची शक्यता बरीच उतरलेली असते. छोट्या टेबलांवरच्या खेळाडूला जोड लागली की दुसऱ्यांदा चेक करण्याचा धीर सहसा नसतो. तेव्हा तीच १.८ किंवा थोडी मोठी बेट टर्नवर लावली, तर मला फोल्ड अधिक मिळतात.

ओंटारिओकर

मार्ग चांगला आहे, आणि दुसऱ्या फ्लॉपसाठी, म्हणजे अठ्ठी-सत्ती-छक्कीसाठी, तो उत्तम आहे. तिथे फ्लॉपवर बेट लावून चेक-रेझ (त्याने आधी चेक करून मग आपल्या बेटवर केलेली रेझ) खाण्याचा धोका मोठा असतो आणि चेक करून आपण सहा आउट्सपैकी जे काही खरे आहेत ते फुकट पाहतो. टर्नवर चौकट दुर्रीसारखा पत्ता आला आणि त्याने पुन्हा चेक केला, तर बेट लावावी.

राणी-सत्ती-दुर्रीवर मात्र चेक करण्यात मी वर सांगितलेला लाभ जातो. गुलाम-दश्शीला पत्ता फुकट मिळतो. तुमचा प्रतिस्पर्धी फ्लॉपवर खरोखरच काही सोडत नसेल आणि टर्नवर सोडत असेल, तर तुमचे बरोबर. तो तसाच आहे हे कळावे कसे, हा खरा प्रश्न.

चेक-रेझचा हिशेबही इथेच लिहून ठेवतो. आपली १.८ची बेट आणि त्याने ६पर्यंत रेझ केली. आपल्याला आणखी ४.२ घालायचे आहेत आणि कॉल केल्यावर पॉट १७.५ होतो, म्हणजे २४ टक्के हवेत. सहा आउट्सना टर्न आणि रिव्हर दोन्ही मिळाले, तर २४ टक्के भरतात, आणि इथेच लोक फसतात. दोन्ही पत्ते पाहायला मिळण्याची हमी कुणी दिलेली नाही. टर्नवर तो पुन्हा बेट लावणार, आणि एका पत्त्यापुरते आपले फक्त १३ टक्के आहेत. त्यातून आपला एक्का लागला आणि त्याच्याकडे एक्का-राणी निघाली, तर आणखी पैसे गेले. फ्लशचा दूरचासुद्धा ड्रॉ (पुढच्या पत्त्यांनी पूर्ण होऊ शकणारा हात) नसलेला एक्का-राजा इथे फोल्ड.

सरासरी

प्रतिस्पर्धी कसा आहे हे कळण्याविषयी ओंटारिओकर यांनी जो प्रश्न विचारला, त्यावर व्यवसायाने सांख्यिकीत असल्यामुळे दोन शब्द. ज्या साइटांवर एचयूडी (प्रतिस्पर्ध्यांची आकडेवारी पडद्यावर दाखवणारे साधन) चालतो, तिथे खेळाडू ‘फ्लॉपवरच्या बेटला फोल्ड: ५० टक्के’ असा आकडा पाहून निर्णय घेतात. तो आकडा २० प्रसंगांवर आधारलेला असेल, तर खरी टक्केवारी ३० ते ७० यांच्या दरम्यान कुठेही असू शकते. ३० टक्के फोल्ड करणाऱ्यासमोर दोन तृतीयांशचा ब्लफ तोट्याचा, ७० टक्केवाल्यासमोर तोच ब्लफ फायद्याचा. म्हणजे तो आकडा आपल्याला काहीच सांगत नसतो, फक्त सांगितल्यासारखे वाटते. १०० प्रसंग झाले, तर पट्टा ४० ते ६०पर्यंत अरुंद होतो. तोवर त्या एका माणसाच्या आकड्यापेक्षा त्या टेबलावरच्या सर्वसाधारण खेळाडूविषयीचा आपला अंदाज अधिक विश्वासार्ह समजावा.

यावरून सातवा_मजला यांना एक नम्र प्रश्न. ‘कुणी फोल्ड करत नाही’ हे आपण मोजले आहे, की फोल्ड न केलेले हात लक्षात राहिले आहेत? फोल्ड झालेले हात दोन सेकंदांत संपतात आणि चार टेबले एकत्र उघडी असताना त्यांची नोंद मनात होत नाही.

सातवा_मजला

मोजलेले नाही. मात्र न मोजताही एवढे म्हणतो की आमच्या टेबलांवर रेकही अधिक जाणवतो, आणि फ्लॉप पाहून झालेल्या छोट्या पॉटमधून साइट आपला वाटा कापून घेते. त्यामुळे सीमेवरचे जे ब्लफ कागदावर ना नफा ना तोटा असतात, ते इथे तोट्याचे असतात. एक तृतीयांशच्या बेटला २५ टक्के फोल्ड पुरतात, हे वाक्य रेक धरला तर थोडे वर सरकवावे लागेल.

सरासरी

हे मान्य.

रात्रपाळी

मोठा हात चुकणे म्हणजे केवळ एक्का-राजा चुकणे नव्हे, म्हणून विषय थोडा वाढवतो. हातात गुलामांची जोड आहे आणि फ्लॉपवर राणी किंवा राजा पडला, तर काय करावे? आणि राजांची जोड असताना एक्का पडला तर? मला हे दोन प्रसंग एक्का-राजापेक्षा जास्त छळतात, कारण तिथे हातात काहीतरी असते आणि सोडवत नाही.

ओंटारिओकर

आधी प्रमाण पाहा. राजांची जोड असताना फ्लॉपवर निदान एक एक्का येण्याची शक्यता २२ ते २३ टक्के आहे. राण्यांच्या जोडीला तिच्यापेक्षा मोठा पत्ता दिसण्याची शक्यता ४१ टक्के, गुलामांना ५७ टक्के, आणि दश्श्यांना जवळजवळ ७० टक्के. गुलामांच्या जोडीवर राणी, राजा किंवा एक्का पडणे ही आपत्ती नसून नित्याची गोष्ट आहे.

आता खेळाचे. समजा राजांची जोड, फ्लॉपवर एक्का-सत्ती-दुर्री, तीन वेगवेगळ्या रंगांचे. समोरच्याकडे एक्का असेल, तर आपल्याला दोनच आउट्स आहेत. त्याच्याकडे सत्तीची जोड असेल, तर त्याला पाच आहेत. त्याच्या हातातच छोटी जोड असेल तर दोन. आणि काहीच नसेल तर तो जवळजवळ संपलेला आहे. म्हणजे कुणीही पुढे असो, मागच्याला फारशी संधी नाही. अशा ठिकाणी फुकट पत्ता दिला तरी नुकसान किरकोळ असते, आणि चेक केल्यामुळे तो पुढच्या पत्त्यांवर सत्तीने कॉल करण्याची किंवा ब्लफ करण्याची शक्यता वाढते. मी इथे बऱ्याचदा चेक करतो आणि पुढच्या दोन फेऱ्यांत मिळून एखादीच माफक बेट लावतो किंवा कॉल करतो.

हेच चुकलेल्या एक्का-राजाशी ताडून पाहिले तर उलट दिसते. राणी-सत्ती-दुर्रीवर आपला एक्का-राजा पुढे असला, तरी एक्का किंवा राजा नसलेल्या समोरच्या कोणत्याही दोन वेगळ्या पत्त्यांना सहा आउट्स असतात. म्हणून ज्या हाताची जोडसुद्धा नाही तो बेट लावतो, आणि ज्याच्याकडे राजांची जोड आहे तो चेक करतो. ऐकायला विचित्र वाटते खरे. पण बेटची गरज हात किती मोठा आहे यावर ठरत नाही, तो किती सहज मागे पडू शकतो यावर ठरते.

गुलामांची जोड राणीच्या फ्लॉपवर या दोहोंच्या मध्ये पडते. तिला एक्का किंवा राजा पडण्याची भीती आहे, त्यामुळे एक छोटी बेट योग्य. कॉल झाला, तर पुढे शक्यतो शोडाउनकडे (शेवटी पत्ते उघडून तुलना करण्याकडे).

मांडवीकाठ

थ्री-बेट झालेल्या पॉटविषयी कुणी लिहील का? एक्का-राजाने आपण बहुतेक वेळा फ्लॉपआधीच थ्री-बेट करतो, त्यामुळे तोच प्रसंग अधिक वेळा येतो.

किलवर_दुर्री

कट-ऑफने २.५ केले, बटणावरून (वाटणाऱ्याच्या, फ्लॉपनंतर शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) आपण ८ केले, त्याने कॉल केला. दोन्ही ब्लाइंड धरून पॉट १७.५, आणि मागे ९२ उरले. फ्लॉप बदाम नव्वी, किलवर पंजी, बदाम तिर्री. हातात तोच बदाम एक्का आणि किलवर राजा.

फ्लॉप लहान पत्त्यांचा आहे म्हणून तो कॉल करणाऱ्याचा, असे अनेकांना वाटते. एकेरी रेझच्या पॉटमध्ये ते काही अंशी खरे असेल, इथे नाही. दश्शीपासून एक्क्यापर्यंतच्या पाचही जोड्या आपण थ्री-बेट करतो आणि त्यांच्या मिळून ३० जोडण्या होतात. समोरच्याने एक्के आणि राजे बहुधा चौथ्यांदा वाढवले असते, त्यामुळे त्याच्याकडे दश्श्या, गुलाम आणि क्वचित राण्या एवढेच उरतात. तेव्हा ५.८च्या आसपासची छोटी बेट इथेही रास्त आहे.

हातातल्या एक्क्याचा रंग इथे महत्त्वाचा ठरतो. बदाम एक्का आपल्याकडे असल्यामुळे एक्क्याचा फ्लश-ड्रॉ समोरच्याकडे असूच शकत नाही. टर्नवर तिसरे बदाम पडले, तर सर्वांत मोठ्या फ्लशचा ड्रॉ आपल्याला मिळतो आणि दुसरी बेट लावायला तो पत्ता पुरेसा असतो. इस्पिक एक्का आणि किलवर राजा असता, तर त्याच टर्नवर मी चेक केले असते.

पोझिशन नसताना, म्हणजे स्मॉल ब्लाइंडमधून थ्री-बेट करून आपण आधी बोलणार असू तेव्हा, मी याच फ्लॉपवर चेकचे प्रमाण वाढवतो. चेक केल्यावर त्याने एक तृतीयांश बेट लावली, तर कॉलसाठी २० टक्के पुरतात आणि एक्का-राजाकडे ते साधारण असतात. परंतु टर्नवर पुन्हा आपल्यालाच आधी बोलायचे असते, त्यामुळे ते २० टक्के पूर्णपणे पदरात पडत नाहीत. बदाम एक्का असेल तर कॉल, नसेल तर बरेचदा फोल्ड.

रात्रपाळी

बिग ब्लाइंडने चेक न करता स्वतःच बेट लावली, तर? छोट्या टेबलांवर हे फार होते.

ओंटारिओकर

पूर्वी असा खेळ म्हणजे नवशिक्याची खूण समजत. २०१९मध्ये कार्नेगी मेलन आणि फेसबुकच्या संशोधकांनी सादर केलेला प्लुरिबस हा सहा जणांच्या टेबलावर व्यावसायिकांना हरवणारा प्रोग्राम मात्र अशा बेट्स मानवी खेळाडूंपेक्षा बऱ्याच अधिक वेळा लावत होता. तरी आपल्या टेबलावरचा माणूस प्लुरिबस नाही. लहान, जुळून आलेल्या फ्लॉपवर त्याने बेट लावली, तर त्याच्याकडे बहुधा जोड किंवा ड्रॉ असतो. एक्का-राजा फोल्ड करायला लाजू नये. राणी-सत्ती-दुर्रीवर पाव पॉटची बेट आली, तर एकदा कॉल.

सातवा_मजला

शेवटचा प्रश्न रिव्हरविषयी. राणी-सत्ती-दुर्रीवर बेट, गुलाम टर्नवर बेट, रिव्हरवर चौकी. काहीच लागले नाही. तिसरी बेट?

किलवर_दुर्री

बहुतेक एक्का-राजांनी इथे थांबावे असे माझे मत आहे. पूर्ण पॉटच्या ब्लफला दोनपैकी एकदा फोल्ड लागतो, आणि आपल्या हातातला एक्का समोरच्याचे फोल्ड होणारे हातसुद्धा कमी करतो. एक्का-दश्शीसारखे जे हात त्याने टाकले असते, त्यांच्यापुढे आपण शोडाउनमध्ये एरवीही जिंकतच होतो. दश्शी-नव्वीने टर्नवर दोन्ही टोकांचा ड्रॉ घेतला असेल आणि तो फसला असेल, तर तिलाही एक्का-राजा हरवतो. त्या रिव्हरवर ब्लफ करायचाच असेल, तर तो आपल्या रेंजमधल्या दश्शी-अठ्ठीसारख्या हातांनी करावा, ज्यांना चेक करून जिंकण्याची आशाच नाही.

सातवा_मजला

मग सत्तीची जोड धरून बसलेल्याला आपण दोन बेट लावून तिसऱ्यांदा सोडून देतो.

किलवर_दुर्री

काही वेळा, हो. तो दोनदा कॉल करणारा असेल, तर तिसऱ्यांदाही करेल, हे आपल्याच पहिल्या प्रतिसादातून निघते.